उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शिकवताना या चुका टाळा

बायबल अभ्यासात उत्पत्ती हे पहिले पुस्तक उघडले की कुणीतरी विचारतेच: सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, मग त्याआधी तीन दिवस संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली? प्रश्न रास्त आहे आणि जुनाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने तो विचारला होता. "तेव्हा वेगळा प्रकाश असेल" असे म्हणून वेळ मारून नेऊ नका. फळ्यावर दोन रकाने काढा. पहिला दिवस उजेड, चौथा ज्योती, म्हणजे सूर्य, चंद्र, तारे. दुसरा आकाश आणि पाणी, पाचवा पक्षी आणि जलचर. तिसरा कोरडी जमीन, सहावा जनावरे आणि माणूस. आधी जागा, मग तिथले रहिवासी. ही रचना दिसली की तासांचा हिशेब आपोआप मागे पडतो, निदान माझ्या मते. चोवीस तासांचे दिवस मानणारे निर्गम २०:११ (निर्गम पुस्तक, अध्याय २०, वचन ११) पुढे करतात, कारण तिथे शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, याच सहा दिवसांवर उभा आहे. त्यांना हसण्यावारी नेऊ नका.

निर्मितीच्या दोन कथनांची खिचडी ही नेहमीची दुसरी चूक. पहिले कथन २:३ ला संपते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, म्हणून सातवा दिवस पुढच्या अध्यायात जाऊन बसला आहे. पहिल्या कथनात झाडे, मग जनावरे आणि शेवटी नर-नारी एकत्र. दुसऱ्यात आधी पुरुष, मग बाग, मग पशुपक्षी, शेवटी स्त्री. ओढूनताणून एकच क्रम लावला की दोन्हींची चव जाते. वेगवेगळ्या दिवशी शिकवा.

विज्ञानाचा आधार शोधण्याचा मोह तर भल्याभल्यांना होतो. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाच्या नव्या, म्हणजे महास्फोटाच्या, सिद्धांतात निर्मितीची साक्ष पाहिली. त्या सिद्धांताचे एक जनक जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, पण त्यांना हे रुचले नाही. सिद्धांत उद्या बदलला तर त्याच्याबरोबर वचनही खोटे पडल्यासारखे होईल, हा धोका उघड आहे. उलट टोकही तितकेच निसरडे. निर्मितीचे इ.स.पू. ४००४ हे साल आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये गणित करून काढले. पुढे ते इंग्रजी बायबलच्या समासात छापले गेले आणि लोक ते वचनच समजू लागले. पाचव्या शतकात ऑगस्टीन या बिशपने बजावले होते: आकाश-ताऱ्यांबद्दल ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नावाने काहीबाही बोलला, की ऐकणारा त्याच्या पुनरुत्थानावरच्या बोलण्यावर तरी का विश्वास ठेवील?

आदाम-हव्वेने खाल्लेले फळ सफरचंद होते, असे मजकुरात नाही. तिसऱ्या अध्यायात सापाला सैतान म्हटलेले नाही. ती सांगड बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण १२:९ मध्ये सापडते. संडे स्कूलच्या चित्रांनी एवढे तरी पाळायला हरकत नव्हती.

आणि १:२८. पृथ्वी सत्तेखाली आणा, हे वाक्य उपदेशात फार सैलपणे वापरले जाते. पुढच्याच दोन वचनांत माणसाला आणि जनावरांना अन्न म्हणून फक्त वनस्पती दिल्या आहेत; मांस खाण्याची मुभा थेट जलप्रलयानंतर, ९:३ मध्ये येते. २:१५ मध्ये तर माणसाला बागेत मशागतीला आणि राखणीला ठेवले आहे. १:२८ वर बोलणार असाल तर ही वचनेही त्याच बैठकीत वाचून घ्या.