आजीच्या आठवणी कशा जमवायच्या

आजी गेली की वर्षश्राद्धाला नुसता फोटोला हार घालण्यापेक्षा तिच्या बहिणी, नणंदा, जावा आहेत तोवर त्यांना गाठा आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून बोलतं करा. "कशी होती हो ती" विचारलंत तर "लई चांगली होती" एवढंच मिळेल, त्यापेक्षा माहेरी काय हाक मारायचे, अबोला कुणाशी होता ते विचारा (हे हमखास रंगतं!). तारखा कुणालाच आठवत नाहीत, मग पानशेत फुटलं १९६१ ला, कोयनेचा भूकंप १९६७, बहात्तरचा दुष्काळ, तेव्हा तिच्या कडेवर कोण होतं विचारलं की साल आपोआप निघतं. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर आधी त्याच घ्या, चालीसकट. आणि जुन्या फोटोंमागे नावं पेन्सिलीनंच लिहा, पेनची शाई पुढे उमटते.