दोन वळणांचा ‘श’: लिब्रेऑफिसच्या विकासकामात शिरताना

इंदूरच्या रामबागेतील आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका लिब्रेऑफिस या खुल्या कोडाच्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमधील रायटर या लेखनाच्या प्रोग्राममध्ये जुळवली जाते, आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना ते काम माझ्याकडे आले. मुद्रिते तपासणारे काका निवृत्त मराठी शिक्षक आहेत. एका संध्याकाळी त्यांनी पानावर बोट ठेवून मला विचारले, “अगं, हा ‘श’ बघ. वरच्या परिच्छेदात आपल्या वळणाचा आहे आणि खालच्यात हिंदीच्या वळणाचा. ‘ल’चेही तेच झाले आहे. एका पानावर दोन वळणे कशी चालतील?” फॉन्ट दोन्हीकडे एकच होता. मी तासाभरात प्रकल्पाच्या बगझिलावर, म्हणजे दोषांच्या सार्वजनिक नोंदवहीत, ‘मराठी अक्षरे चुकीची दिसतात’ अशी नोंद करून मोकळी झाले.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. नमुना फाइल जोडा, कोणत्या क्रमाने काय केले ते लिहा, आवृत्ती आणि संगणकप्रणाली कळवा, असे त्यात म्हटले होते, आणि नोंदीची स्थिती ‘नीडइन्फो’, म्हणजे माहिती अपुरी, अशी झाली होती. मला ते थोडे लागले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी आज पहिली गोष्ट हीच सांगते, की ते उत्तर योग्य होते. समोरच्याला आपल्या संगणकावर तो दोष घडवून पाहता आला नाही, तर कितीही अनुभवी विकासक असला तरी तो काही करू शकत नाही.

स्मरणिकेची पूर्ण फाइल जोडणे शक्य नव्हते, कारण तिच्यात लोकांचे पत्ते होते. म्हणून मी तिची प्रत काढून मजकूर कमी करत गेले. अर्धा मजकूर काढायचा, दोष अजून दिसतो का ते पाहायचे, दिसत असेल तर उरलेल्यातला अर्धा पुन्हा काढायचा. शेवटी दोन ओळी उरल्या आणि दोन्हींत ‘शाळेतील लोक’ हेच शब्द होते. रायटरची ओ.डी.टी. फाइल ही खरे तर एक झिप फाइल असते. ती उलगडली की ‘कंटेंट.एक्सएमएल’ नावाच्या फाइलमध्ये सगळा मजकूर आणि त्याच्या शैली वाचता येतात. तिथे पहिल्या ओळीच्या शैलीत ‘लँग्वेज-कॉम्प्लेक्स’ या गुणधर्मापुढे मराठीचा संकेत ‘एम-आर’ होता, आणि दुसऱ्या ओळीच्या शैलीत हिंदीचा ‘एच-आय’.

रायटर प्रत्येक मजकुरासाठी भाषेच्या तीन स्वतंत्र नोंदी ठेवतो: पाश्चात्त्य, पूर्व आशियाई आणि तिसरी संयुक्त मांडणीच्या लिप्यांची, जिच्यात देवनागरी येते. अक्षरांची प्रत्यक्ष जुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, करते; 2017 च्या 5.3 या आवृत्तीपासून सर्व संगणकप्रणालींवर ती तिच्याकडेच आहे. मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे तिला कळवले जाते, आणि फॉन्टात मराठीसाठी ‘ल’ व ‘श’ची वेगळी रूपे असतील तर भाषा मराठी असतानाच ती वापरली जातात. आमच्या गावात संगणकावर देवनागरी म्हटले की हिंदी गृहीत धरली जाते, त्यामुळे लेखकांनी घरून टाइप करून पाठवलेल्या लेखांवर नकळत हिंदीची खूण बसत होती. मजकूर निवडून त्याची भाषा मराठी केल्याबरोबर दोन्ही ओळी सारख्या झाल्या. मी सगळे कारण सविस्तर लिहून नोंद ‘नॉटअबग’ या शेऱ्यासह स्वतःच बंद केली. दोष न निघालेल्या त्या नोंदीने मला जेवढे शिकवले तेवढे पुढच्या कित्येक महिन्यांत शिकायला मिळाले नाही. हिंदी वळणाचा ‘श’ खटकणारा डोळा मराठी वाचणाऱ्याकडेच असतो, म्हणून आपल्यापैकी अधिक लोक या कामात यावेत असे मला मनापासून वाटते.

नोंदी तपासण्याचे काम प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनाही करता येते. नवी नोंद ‘अनकन्फर्म्ड’ असते. दुसऱ्या कोणी तोच दोष आपल्याकडे घडवून दाखवला की ती ‘न्यू’ होते. आधीच्या आवृत्तीत नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली असेल, तर बायबिसेक्ट ही सोय वापरावी. तिच्यात एका गिट भांडारात, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, थेट चालवता येतील अशा बांधून तयार असलेल्या क्रमवार आवृत्त्या ठेवलेल्या असतात. मधली आवृत्ती चालवून ती चांगली की वाईट एवढेच सांगत गेले, तर हजार आवृत्त्यांतून दोष आणणारा बदल साधारण दहा फेऱ्यांत सापडतो. दर सहा महिन्यांनी नवी मुख्य आवृत्ती काढणाऱ्या प्रकल्पात हा शोध फार मोलाचा आहे, कारण बदल सापडला की तो कोणी व कशासाठी केला हेही कळते.

कोड लिहायचा असेल तर सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा येणे आवश्यक आहे, आणि धीरही हवा. हा कोड जुना आहे. त्याचे मूळ स्टार डिव्हिजन या जर्मन कंपनीच्या स्टारऑफिसमध्ये आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी 1999 मध्ये घेतली, पुढच्या वर्षी कोड खुला केला, आणि 28 सप्टेंबर 2010 रोजी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा होऊन लिब्रेऑफिस वेगळे झाले. माझ्या आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर पहिली बांधणी, म्हणजे कोडापासून चालणारा प्रोग्राम तयार करणे, रात्रभर चालली. नंतर फक्त बदललेला भाग बांधावा लागतो. नवख्यांसाठी ‘इझीहॅक’ अशी खूण केलेली कामे असतात, परंतु मी सुरुवात त्याहूनही लहान कामाने केली: तक्त्यातील रकान्याच्या रुंदीबाबतच्या, आधीच दुरुस्त झालेल्या एका दोषासाठी स्वयंचलित चाचणी लिहिली, म्हणजे तो पुन्हा आला तर लगेच लक्षात येईल.

चाचणी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली आणि मी ती गेरिटवर, जिथे प्रत्येक बदल इतरांकडून तपासला जातो, पाठवून दिली. जेंकिन्स या स्वयंचलित बांधणी-यंत्रणेने ती लिनक्स, विंडोज आणि मॅकओएसवर बांधून हिरवा शेरा दिला. तपासणाऱ्या विकासकाने मात्र वजा एक गुण देऊन एकच प्रश्न विचारला: मूळ दुरुस्ती काढून टाकली तर ही चाचणी अनुत्तीर्ण होते का? मी ते करून पाहिलेच नव्हते. दुरुस्ती तात्पुरती काढली, तो भाग पुन्हा बांधला, आणि चाचणी तरीही उत्तीर्ण झाली. मी तक्त्यातील भलत्याच रकान्याची रुंदी मोजत होते. रकाना बदलल्यावर ती अपेक्षेप्रमाणे अनुत्तीर्ण झाली. प्रकल्पाच्या प्रघाताप्रमाणे चाचणीतील रुंदी तपासणाऱ्या ओळीच्या वर, दुरुस्ती नसती तर इथे कोणता आकडा अपेक्षित होता आणि कोणता मिळाला असता, हे टिप्पणीत लिहिले. माझे योगदान एम.पी.एल. 2.0 आणि एल.जी.पी.एल. या खुल्या कोडाच्या परवान्यांखाली देत असल्याचे निवेदन मी आधीच पाठवले होते. चार दिवसांनी अधिक दोन गुण मिळून बदल मुख्य कोडात गेला.

काकांना मी त्या बदलाची नोंद दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून ती टिप्पणी दोनदा वाचायला लावली आणि विचारले, “म्हणजे बरोबर काय, एवढे लिहून भागत नाही, चुकले असते तर काय दिसले असते, तेही लिहायचे?” मी हो म्हटले. मग त्यांनी पुढच्या स्मरणिकेची मुद्रिते माझ्यापुढे सरकवली.