भावकीतल्या माणसाने योजना आणली तर

उसाचं बिल खात्यावर पडलं, हळदीची पट्टी हातात आली किंवा सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी परगावी गेलेली गलाईवाली मंडळी यात्रेला गावी आली, की "महिन्याला 8 टक्के"वाल्या योजना खानापूर-आटपाडीपासून माण-खटावपर्यंत हिंडू लागतात. घेऊन येणारा मावसभाऊ असतो, निवृत्त गुरुजी असतात, नाहीतर भिशीवाल्या वहिनी. बहुतेकदा त्यांचेही पैसे त्यात अडकलेले असतात, म्हणून ते मनापासून बोलतात. तेव्हा माणूस तपासू नका, पैसा तपासा: तो कुणाच्या खात्यात जाणार आणि ठेवी घ्यायची परवानगी त्याला कुणी दिली?

1 लाखावर महिना 8,000 म्हणजे साडेबारा महिने तुमचंच मुद्दल तुम्हाला परत येतं. मागे धंदा नसला तरी वर्षभर हप्ता चुकत नाही. "सहा महिने वेळेवर मिळतंय" याला म्हणूनच काही किंमत नाही.

कंपनी नोंदणी, जीएसटी, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) यांपैकी कुठलाही दाखला ठेवी घेण्याचा परवाना नव्हे. शेअर बाजाराचं नाव घेणाऱ्याकडून सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा) नोंदणी क्रमांक घ्या, सेबीच्या संकेतस्थळावर पाहा आणि तिथलं नाव पैसे मागणाऱ्या खात्याच्या नावाशी जुळवा. क्रमांक खरा पण दुसऱ्याचाच, हा प्रकार नेहमीचा. ठेव योजना असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर शोधा. हमीभावाने माल परत घेतो म्हणत असेल, तर ती कंपनी सोडून बाजारात तो माल कोण घेतं आणि काय दराने, ते विचारा. वाळवा तालुक्यातून पसरलेल्या आणि 2019 मध्ये उघडकीला आलेल्या कडकनाथ कोंबडीपालन योजनेत कोंबड्या खऱ्याच होत्या. त्या परत घेणारं कुणी उरलं नाही.

स्टॅम्पवरचा नोटरी करार दाखवतील. नोटरी सही कुणाची एवढंच सांगतो, योजना कायदेशीर आहे असं नाही.

तारण म्हणून दिलेल्या पुढच्या तारखेच्या चेकवर लोक फार विसंबतात, आणि घात तिथेच होतो. चेक त्यावरच्या तारखेपासून 3 महिनेच चालतो. "दादा, एवढ्यात टाकू नका, पुढच्या महिन्यात रोख देतो" असं दोनदा ऐकलं की चेकचा कागद झाला. मुदतीत बँकेत टाका. वटला नाही तर चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवा, ती पोचल्यावर समोरच्याला 15 दिवस मिळतात, त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. यातली एखादी मुदत हुकली तर चेकचा दावा अवघड होऊन बसतो.

नाही म्हणायला जड जातं, खरं आहे. "घरात विचारून आठ दिवसांनी सांगतो" म्हणा. त्यावर "उद्या शेवटची तारीख" असं आलं तर विषय संपला. कमिशन घेऊन माणसं मात्र जोडू नका, उद्या आरोपींच्या यादीत तुम्हीही असाल.

हप्ता थांबला तर देवळातल्या बैठकीत "जरा थांबू" ठरतं, आणि तेवढ्यात मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर जाते. व्यवहार ऑनलाइन झाला असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बँक उतारे, मेसेज, करार गोळा करा आणि चार-पाच जण मिळून जिल्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. तक्रारीत ठेवीदार संरक्षण कायदा, 1999 लावण्याची मागणी लिहा. त्याखाली मालमत्ता जप्त करता येते. निघताना पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह.