विल्डरनेसमधल्या खनिजांचं असेसमेंट: नवीन येणाऱ्यांसाठी, आणि मुख्य म्हणजे जुन्या डेटातल्या 'एन' या अक्षराबद्दल

जिओलॉजीत एमएससी झालंय, अमेरिकेत एमएस नाहीतर पीएचडीला ॲडमिशन मिळालंय आणि गाईडने प्रोजेक्ट दिलाय मिनरल रिसोर्स असेसमेंटचा (कुठे कुठलं खनिज असू शकतं याच्या अंदाजाचा), तोही विल्डरनेसच्या, म्हणजे कायद्याने जंगली अवस्थेतच राखलेल्या सरकारी जमिनीच्या, हद्दीतला, अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी नागपूरची. सौसरचं मँगनीज आणि चंद्रपूरचा कोळसा बघत शिकले आणि नेवाडात आले तेव्हा वाटायचं की खनिज शोधायचं ते शोधायचं, जमीन कोणाची का असेना. इथे तसं चालत नाही. जमीन कुठल्या कायद्याखाली आहे त्यावर तुम्ही तिथे काय करू शकता आणि तुमच्या नकाशाचं पुढे काय होणार, दोन्ही ठरतं.

कायद्याची पार्श्वभूमी पटकन सांगते. 1964 च्या विल्डरनेस ॲक्टमध्ये एक तडजोड होती. 31 डिसेंबर 1983 च्या मध्यरात्रीपर्यंत नवीन मायनिंग क्लेम (खाणीसाठी जागेवरचा हक्क) टाकायला मुभा आणि 1 जानेवारी 1984 पासून दार बंद, फक्त आधीचे वैध हक्क शाबूत. त्याच कायद्याने यूएसजीएस (अमेरिकेचं भूशास्त्रीय सर्वेक्षण) आणि ब्युरो ऑफ माइन्स (खाणींचं सरकारी खातं) या दोघांना सांगितलं की या जमिनींचा खनिज सर्व्हे करत राहा, पण विल्डरनेसपणाला धक्का न लावता. 1976 च्या फ्लिप्मा या सरकारी जमिनींच्या कायद्याने बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) स्टडी एरियांनाही, म्हणजे विल्डरनेस करायच्या की नाही हे ठरायचं असलेल्या जमिनींनाही, हा सर्व्हे लागू झाला. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रिपोर्टचा मोठा ढीग आहे. ब्युरो ऑफ माइन्स 1996 मध्ये बंद पडला, पण तो ढीग आणि त्यामागचा जिओकेमचा (माती-दगडातल्या मूलद्रव्यांच्या मोजणीचा) डेटा शिल्लक आहे आणि तुमचं निम्मं काम त्याच डेटावर होणार आहे. माझं तर जवळजवळ सगळंच झालं.

आता खरा खड्डा. हा भाग लांबणार आहे, पण सोडू नका.

जुन्या स्ट्रीम सेडिमेंटच्या (ओढ्यातल्या गाळाच्या) टेबलमध्ये बऱ्याच रकान्यांत आकडा नसतो, अक्षर असतं. एन म्हणजे सापडलं नाही, एल म्हणजे सापडलं पण मोजता येईल त्या मर्यादेच्या खाली, जी म्हणजे वरच्या मर्यादेच्याही वर. तुम्हाला फाईल मिळते ती बहुतेक वेळा कोणीतरी 'साफ' केलेली असते आणि साफ करताना सगळे एन शून्य करून टाकलेले असतात. मला मिळालेली फाईल अशीच होती. त्यावर नकाशा काढला की अख्खी डोंगररांग निळीशार दिसते, सोनं शून्य, आर्सेनिक शून्य, सगळं शून्य, आणि नकाशा इतका स्वच्छ दिसतो की शंकाच येत नाही. मी कितीतरी दिवस त्या निळ्या रंगाकडे बघून 'इथे काही नाही' असंच समजत होते.

पण ते एन आलं कुठल्या पद्धतीने? तेव्हा सर्रास वापरात होती सेमी-क्वांटिटेटिव्ह एमिशन स्पेक्ट्रोग्राफी, म्हणजे नमुना जाळून त्याच्या प्रकाशावरून ढोबळ आकडा काढणं. तिची सोन्याची खालची मर्यादा होती 10 पीपीएम. परत वाचा, 10 पीपीएम, म्हणजे टनामागे 10 ग्रॅम. नेवाडातल्या ओपन पिट खाणी टनामागे एक-दोन ग्रॅमवर, कधी त्याहून कमीवरही चालतात. म्हणजे ज्या वाळूत 3 पीपीएम सोनं असतं, जे बघून कुठलाही एक्सप्लोरेशनवाला उडी मारेल, ती वाळूसुद्धा त्या टेबलात एन म्हणूनच लागली असती. आर्सेनिकची मर्यादा 200 पीपीएम, अँटिमनीची 100, झिंकची 200, टंगस्टनची 50. कार्लिन टाईपचं सोनं (नेवाडातलं, डोळ्याला न दिसणारं बारीक सोनं) शोधताना आपण त्याच्यासोबत येणाऱ्या आर्सेनिक आणि अँटिमनीचाच माग काढतो ना? आर्सेनिकची साधारण पार्श्वभूमी काही मोजके पीपीएम, मग 80 किंवा 100 पीपीएमची ठळक ॲनोमलीही (नेहमीपेक्षा बराच जास्त आकडा) त्या पद्धतीला दिसणारच नाही. कोणी म्हणेल पॅन कॉन्सन्ट्रेटमध्ये (तव्यात वाळू धुऊन उरलेल्या जड गाळात) तरी दिसेल. कार्लिनचं सोनं पायराइटच्या आत इतकं बारीक बसलेलं असतं की तव्यात पिवळा कण येतच नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं लोकांच्या पायाखाली राहिलं. काही सर्व्हेंमध्ये सोन्यासाठी वेगळी ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन टेस्ट केलेली असते आणि तिची मर्यादा खूपच खाली असते, पण ती त्याच सॅम्पलवर झाली होती का हे रकान्यागणिक तपासावं लागतं.

मग एनच्या जागी काय टाकायचं? शून्य नाही. मर्यादेच्या निम्मा आकडा टाकायची जी सवय सगळीकडे शिकवतात ती पण नाही, कारण मग अख्ख्या डोंगरावर 5 पीपीएम सोनं पसरेल. ते रकाने सेन्सॉर्ड डेटा (मर्यादेखाली आहे, नेमकं किती ते माहीत नाही) म्हणूनच ठेवा, प्रत्येक आकड्याशेजारी पद्धत आणि मर्यादा लिहा, आणि ज्या मूलद्रव्याची मर्यादा तुमच्या डिपॉझिट मॉडेलच्या (ज्या प्रकारचा साठा शोधताय त्याच्या वर्णनाच्या) कामाची नाही त्याचा नकाशा काढूच नका.

याला जोडून दुसरी गोम. पोटेन्शियलच्या (खनिज असण्याच्या शक्यतेच्या) नकाशावर पण एन असतो आणि त्याचा अर्थ एकदम वेगळा. तिथे एच, एम, एल म्हणजे हाय, मॉडरेट, लो. यू म्हणजे अननोन आणि एन म्हणजे पोटेन्शियल नाहीच. सोबत खात्रीचं अक्षर, ए पासून डी पर्यंत. ए म्हणजे माहिती अपुरी, डी म्हणजे माहितीने चित्र स्पष्ट झालंय. नकाशावरचा एन फक्त डी सोबतच देता येतो. 'लो' द्यायला पण तिथे खनिज असणं संभवत नाही असं सांगणारा भूशास्त्रीय पुरावा हातात लागतो, डेटा नाही म्हणून लो देता येत नाही. आपल्याकडे जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) जी-4 ते जी-1 शिकलो ना, ते तपास किती खोल झालाय ते सांगतं. इथे तपास किती झाला आणि निष्कर्ष काय निघाला हे दोन वेगळ्या अक्षरांत सांगायचं असतं. टेबलातले शंभर एन मिळून नकाशावरचा एक एन होत नाही. त्यांचा बऱ्याचदा यू/ए होतो, आणि यू/ए लिहिताना लाज वाटून घेऊ नका.

हे मी इतकं ताणून का सांगतेय? कारण हे रिपोर्ट अमेरिकी संसदेपुढे जाण्यासाठी लिहिले गेले आणि आजही हद्दीचा वाद निघाला की दोन्ही बाजू तेच काढतात. मला स्वतःला ते डोंगर मनापासून आवडतात, तिथे कधीच खाण होऊ नये असं वाटतं, आणि म्हणूनच मला खोटा 'लो' नकोय. खोट्या 'लो'वर उभं राहिलेलं संरक्षण पहिल्या चांगल्या लॅब रिपोर्टला डळमळतं.

चांगली गोष्ट ही की बरेच जुने सॅम्पल जपून ठेवलेले आहेत. अलास्कातले असे हजारो जुने नमुने आधुनिक पद्धतींनी परत तपासले गेलेत, विल्डरनेसमध्ये नव्याने पाऊल न टाकता. प्रपोजलमध्ये फिल्डचे पैसे मागण्याआधी आर्काइव्हमध्ये तुमच्या भागाचे नमुने आहेत का ते विचारा. मी तर म्हणेन दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर री-ॲनालिसिस घ्या.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. एमआरडीएस (यूएसजीएसचा खाणी आणि खनिजांच्या नोंदींचा डेटाबेस) डाऊनलोड करायचा, ठिपके टाकायचे, मशीन लर्निंगने रंगीत प्रॉस्पेक्टिव्हिटी मॅप (खनिज कुठे मिळेल याचा नकाशा) काढायचा, हे एका वीकेंडचं काम आहे आणि त्याची किंमतही तेवढीच. एमआरडीएसचं पद्धतशीर अपडेट 2011 मध्येच थांबलंय, एकच खाण दोन-तीन नावांनी आढळते, काही ठिपके खऱ्या जागेपासून बरेच लांब पडतात. आणि गाईड निवडताना पब्लिकेशन किती हे बघण्यापेक्षा तो किंवा ती हातात दगड घेऊन बोलते का ते बघा. मला सगळ्यात जास्त शिकवलं एका रिटायर झालेल्या जिओलॉजिस्ट आजोबांनी. माझा निळा नकाशा बघून त्यांनी एवढंच विचारलं, "पद्धत कुठली होती?" असा एक माणूस गाठा, बाकीचं होतं.

एनर्जीच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी थोडं. आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजचा 1002 एरिया हे सगळ्यात गाजलेलं उदाहरण. तो स्वतः कायद्याने विल्डरनेस नाही, विल्डरनेस आहे तो रेफ्यूजचा दुसरा मोठा भाग. यूएसजीएसच्या 1998 च्या असेसमेंटमध्ये तांत्रिकदृष्ट्या काढता येण्याजोगं तेल सरासरी 10.4 अब्ज बॅरल आलं, 95 टक्के शक्यतेला निदान 5.7 आणि 5 टक्के शक्यतेला निदान 16.0. त्यात शेजारच्या स्थानिकांच्या जमिनी आणि राज्याच्या हद्दीतलं समुद्राचं पाणी पण धरलंय, फक्त फेडरल भागाची सरासरी 7.7. पेपरवाले 16 छापतात किंवा 5.7, ज्याला जे हवं ते. तुम्ही तिन्ही आकडे एकत्र द्या आणि 'तांत्रिकदृष्ट्या' हा शब्द गाळू नका, कारण काढता येणं वेगळं आणि परवडणं वेगळं. जानेवारी 2025 च्या लीज सेलला (तेलासाठी जमीन भाड्याने द्यायच्या लिलावाला) तिथे एकही बोली आली नाही. आणि वेगवेगळ्या प्लेचे (एकसारख्या भूरचनेतल्या तेलसाठ्यांच्या गटांचे) 95 टक्क्यांचे आकडे बेरजेत घालू नका, बेरीज फक्त सरासऱ्यांची होते.

नोकरीचं स्पष्ट सांगते, नंतर वाईट वाटायला नको. फेडरल कायम नोकरी नागरिकत्वाशिवाय जवळपास मिळत नाही. त्यामुळे सुरुवात युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टमधून, स्टेट सर्व्हेतून किंवा कन्सल्टिंगमधून. ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) आणि वर स्टेमचे (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या डिग्रीवाल्यांसाठीचे) 24 महिने एवढ्या वेळात जम बसवायचा असतो आणि तो ताण खरा आहे, मी रात्र रात्र जागून काढल्यात. पण काम येणाऱ्याला इथे विचारतात, हेही तितकंच खरं. ॲसबॉगची एफजी परीक्षा (जिओलॉजिस्टच्या लायसन्सची पहिली पायरी) डिग्री संपता संपता देऊन टाका, नंतर अभ्यास होत नाही.

फिल्डला जायची परवानगी मिळालीच तर तयारी नीट करा. गाडी नाही, ड्रिल नाही, सायकल सुद्धा नाही, सॅम्पल पाठीवर नाहीतर खेचरावर. चाळणी पितळेची नको, कॉपर-झिंक चढतं, गॅल्व्हनाइज्ड तर नकोच. 80 मेशची स्टेनलेस स्टीलची घ्या. एकाच जागेवरून मूठभर वाळू न उचलता प्रवाहात पाच-सात ठिकाणची मिसळून घ्या, वाळवंटात वाऱ्याने आलेली वरची बारीक माती बाजूला सारून. मधूनमधून डुप्लिकेट घ्या आणि लॅबला ते डुप्लिकेट आहे हे कळू देऊ नका. आणि आपल्या मुलींना खास सांगते, हातातली अंगठी, सोन्याची बांगडी, आईने घातलेली असली तरी, गाडीतच काढून ठेवा. सोन्याचा एक बारीक कण घासून सॅम्पलमध्ये गेला तर पीपीबीत (अब्जात किती भाग) मोजणाऱ्या मशीनला तो दिसतो, आणि मग ती ॲनोमली खरी की तुमच्या हातातली हे बघायला परत तेवढंच चालत जावं लागतं.