दार जमिनीला घासतंय? रंधा हातात घेण्याआधी या चुका टाळा

लादीवर दार घासलं तर कर्रकन आवाज येतो, फार तर एक काळपट रेघ उमटते. वुडन फ्लोअरिंगवर घासलं की थेट ओरखडा, आणि तो रोज थोडा खोल जातो. घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये पॅसेजला लॅमिनेटचं फ्लोअरिंग घातलं आणि पुढच्याच जुलैत मुख्य दाराच्या लॅचकडच्या कोपऱ्याखाली छान अर्धचंद्र उमटला. मी उत्साहाने दार उतरवलं, खालून सरसकट रंधा मारला, परत चढवलं. दिवाळीपर्यंत तोच कोपरा पुन्हा टेकला. बिजागरीच्या बाजूला मात्र दाराखालून बोट जाईल एवढी फट, म्हणजे झुरळांची सोय.

मग सुतारकाका आले. त्यांनी खाली वाकूनही पाहिलं नाही. दार अर्धं उघडलं, मुठीला धरून वर उचललं, आणि वरची बिजागरी टकटक हलली. "दादा, सुटलंय वरून आणि तुम्ही कापलंत खालून."

सगळं पावसावर ढकलू नका

जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेत दमटपणा 85 टक्क्यांच्या आसपास असतो आणि लाकूड फुगतं, हे खरंच. पण ते फुगतं रेषांच्या आडव्या दिशेने. रेषांच्या लांबीत जवळजवळ नाहीच, आणि दारात या रेषा उभ्या असतात. म्हणून पावसात दार रुंदीला अडकतं, लॅचच्या बाजूने चौकटीत आवळतं. उंचीत ते फारसं वाढत नाही. तेव्हा नुसता खालचा कोपरा घासत असेल तर आधी दोन गोष्टींवर संशय घ्या: बिजागरी सैल झाली किंवा जमीन वर आली.

दार बंद करून चौकटीतल्या फटी बघा. बिजागरीच्या बाजूला वर फट मोठी, आणि लॅचच्या बाजूला वरचा कोपरा चौकटीला चिकटलेला, असं दिसलं तर दार वरच्या बिजागरीतून लटकलंय. फटी सगळीकडे सारख्या असतील आणि तरी दार घासत असेल, तर मोर्चा जमिनीकडे वळवा.

लॅमिनेटच्या फळ्यांचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा असतो. तोही ओलावा पितो, पसरतो. म्हणून भिंतीलगत 8 ते 10 मिमी जागा सोडायची असते. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते. घाईतला कारागीर फळ्या थेट भिंतीला किंवा उंबरठ्याच्या ग्रॅनाइट पट्टीला भिडवतो. मग पसरायला जागा नसल्याने जमीन मध्येच फुगते. त्या जागी पाय दाबून बघा, खाली-वर होते का. होत असेल तर स्कर्टिंग काढून कडेची जागा मोकळी करा. इथे दार कापणं म्हणजे पायाला बूट लागतो म्हणून अंगठा छाटणं.

बिजागरीचा सैल स्क्रू पिळत बसू नका

स्क्रू फिरतो पण आवळत नाही, म्हणजे भोक मोठं झालंय. जास्त पिळलंत तर आणखी मोठं होईल. स्क्रू काढा, गूल मोडलेल्या काडेपेटीच्या काड्या किंवा टूथपिक फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घट्ट ठोका, वरचं टोक कापून सपाट करा आणि रात्रभर सुकू द्या. सकाळी बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. हे करताना दाराखाली पाचर किंवा घड्या घातलेला पुठ्ठा सरकवून वजन उचलून धरा, नाहीतर दार पुन्हा त्याच लटकलेल्या जागी आवळलं जाईल.

परदेशी व्हिडिओंमध्ये तीन इंची स्क्रू मारायला सांगतात. त्यांच्या चौकटीमागे लाकडी खांब असतो, आपल्या चौकटीमागे वीट नाहीतर काँक्रीट. आपल्या अडीच इंची चौकटीत दोन इंची स्क्रू पुरतो. त्याहून लांब स्क्रू भिंतीवर आपटून डोकं खराब करून घेतो.

स्क्रू पक्के आहेत आणि कोपरा तरी जेमतेम टेकतो? खालच्या बिजागरीच्या पानामागे पातळ पुठ्ठ्याचं पॅकिंग द्या, लॅचकडचा कोपरा वर येतो. हेच पॅकिंग वरच्या बिजागरीमागे दिलंत तर दार आणखी खाली बसेल. माझ्या शेजाऱ्यांनी नेमकं तेच केलं होतं आणि वर लॅचलाही शिव्या घातल्या होत्या.

चौकटीच्या खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर वाळवी. मग आधी पेस्ट कंट्रोल, बाकी सगळं नंतर.

कापायचंच असेल तर

जुन्या लादीवर 8 मिमीची फळी आणि 2 मिमीचा फोम घातला की जमीन सेंटीमीटरभर वर येते. अशा वेळी दार कापावंच लागतं, त्यात काही चूक नाही. फळी आणि फोम ज्या जागी दार फिरतं तिथे एकावर एक ठेवून, वर 4-5 मिमी मोकळी जागा धरून दारावर रेघ मारा. दार फक्त बंद असताना मोजू नका: आपल्याकडच्या जमिनी क्वचितच सपाट असतात, आणि दार नव्वद अंशांत उघडल्यावर टेकतं ते भलत्याच जागी.

त्याआधी एक बघा. नव्या टॉवरमध्ये मुख्य दार बरेचदा अग्निरोधक असतं. दाराच्या कडेला तशी पट्टी असेल तर करवत लावू नका, सोसायटीच्या ऑफिसात विचारा.

साधं 35 मिमीचं फ्लश डोअर (सपाट प्लायचं दार) 35-40 किलोचं भरतं, एकट्याने उतरवू नका. सकाळी काम काढा, कारण दार खाली असेपर्यंत घर सेफ्टी डोअरच्या भरवशावर. कापायच्या रेघेवर मास्किंग टेप चिकटवा आणि धारदार कटरने सनमायका आधी चिरून घ्या, नाहीतर कड दातरी निघते. रंधा दोन्ही टोकांकडून मधे मारा. एका टोकाकडून सरळ पलीकडे नेलात तर शेवटचा कोपरा ढलपी होऊन उडतो.

आणि कापलेली कड उघडी सोडू नका. रंगारी दाराच्या तळाला सहसा ब्रश लावतच नाहीत. जमिनीवर आरसा ठेवून स्वतःच्या दाराचा तळ बघा, कोरं लाकूड दिसेल. रोजच्या फरशी पुसण्याचं पाणी तिथूनच आत जातं, प्लायचे थर सुटतात, आणि मग दार खरंच खालून फुगतं. प्रायमरचा एक आणि पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश किंवा ऑइलपेंटचे दोन हात द्या, मगच दार चढवा.

राहिला जमिनीवरचा अर्धचंद्र. लॅमिनेटला पॉलिश पेपर मारू नका. वरचं लाकूड म्हणजे छापील कागद, एकदा घासला की खालचा भुसा दिसतो. रंग जुळणारी मेणाची कांडी घासून भरा. आमचा ओरखडा अजून उजेडात तिरकं बघितलं तर दिसतो, म्हणून त्यावर पायपुसणं आहे. पातळ.