आई-बाबांची चाल आणि विचार मंदावताहेत का? घरच्या घरी कसं मोजायचं

उतारवयात चाल आणि विचार मंदावण्यामागे बरेचदा मेंदूत साठलेली प्रथिनं असतात. प्रथिनांचा विषय निघाला की पुष्कळांना डाळ, पनीर आणि प्रोटीन पावडर आठवते. ही प्रथिनं ती नव्हेत. मेंदूच्या पेशी ती स्वतः तयार करतात आणि वय वाढलं की काहींची घडी चुकते. मग ती एकमेकांना चिकटून साठत जातात: पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्यूक्लीन, अल्झायमरमध्ये पेशींबाहेर अमायलॉइड आणि पेशींच्या आत टाऊ. शिकागोच्या रश विद्यापीठात १९९७ पासून वृद्धांची चाल आणि स्मरणशक्ती दरवर्षी तपासतात आणि मृत्यूनंतर त्यांनी दान केलेला मेंदू अभ्यासतात. उतारवयातल्या मेंदूत बरेचदा एकाच आजाराच्या नव्हे, तर दोन-तीन आजारांच्या खुणा एकत्र सापडतात, हे तिथे वारंवार दिसलं आहे. चाल आणि विचार जोडीने मंदावण्याचं हे एक मोठं कारण. दुसरं असं की चालणं हे फक्त पायांचं काम नाही. रहदारीत रस्ता ओलांडताना पावलाचा हिशेब मेंदूचा पुढचा भाग करत असतो.

प्रथिनं घरी मोजता येत नाहीत, पण त्यांचा परिणाम मोजता येतो. हातांची खुर्ची, खडू आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढं पुरे.

उठा-चाला चाचणी

खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच हवी. सोफा नको, खोल बैठकीतून उठायलाच वेळ जातो आणि आकडा फसवतो. खुर्चीपासून ३ मीटरवर खडूने रेघ ओढा. फरशा दोन बाय दोन फुटांच्या असतील तर पाच फरशा मोजल्या की झालं. नेहमीची चप्पल किंवा बूट घालू द्या (सैल स्लीपर नको), काठी वापरत असतील तर काठीही असू द्या. नऊवारी, पाचवारी किंवा लुंगी, जे असेल ते दर वेळी तेच.

"चला" म्हणताच घड्याळ सुरू करा. खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत नेहमीच्या वेगाने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पाठ टेकली की घड्याळ बंद. एक फेरी सरावाची, दुसरी मोजायची. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. हे आजाराचं निदान नव्हे. दुखऱ्या गुडघ्यानेही वेळ वाढतो.

सेकंदांपेक्षा वळण जास्त बोलतं. ते बाजूने मोबाइलवर चित्रित करा. गुडघेदुखीत माणूस लंगडतो, उठताना कण्हतो. पार्किन्सनमध्ये वळताना छोटी छोटी पावलं वाढतात, मान आणि धड एकदमच वळतं, एका बाजूचा हात हलत नाही, दाराच्या चौकटीत किंवा उंबरठ्यापाशी पाय जागीच थिजतात.

हमखास होणारी चूक म्हणजे "आजोबा, पटपट!" असं ओरडणं. मग चालीऐवजी शर्यत मोजली जाते. हात धरून चालवणंही चूक. शेजारून, अर्धं पाऊल मागे चाला, म्हणजे तोल गेला तर सावरता येईल. ताप, रात्रीचं जागरण किंवा नुकतीच बदललेली गोळी असेल तर चाचणी पुढे ढकला. पार्किन्सनची गोळी चालू असेल तर शेवटची मात्रा घेऊन किती वेळ झाला तेही लिहा. त्याविना आकडा निरुपयोगी.

बोलत चालणं

आता तीच फेरी, पण तोंडाने काम देऊन. शिकलेल्यांना १०० पासून तीन-तीन वजा करत यायला सांगा. आकड्यांची भीती असेल तर फाल्गुन, माघ, पौष असे महिने उलटे म्हणायला सांगा, किंवा भाज्यांची नावं. नुसतं चालताना १० सेकंद लागले आणि बोलत चालताना १३, तर वाढ ३० टक्क्यांची. थोडी वाढ सगळ्यांचीच होते. दर तीन महिन्यांनी ती फुगत गेली तर दखल घ्या. बोलण्यासाठी माणूस चक्क थांबतो का, हेही बघा. तो थांबत असेल तर घरच्यांनी चालताना प्रश्न विचारणं बंद करावं, विशेषतः जिन्यावर.

विचारांची नोंद

एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द सांगा, लगेच म्हणवून घ्या. मग कोऱ्या कागदावर गोल काढून घड्याळाचे आकडे आणि अकरा वाजून दहा मिनिटांचे काटे काढायला सांगा. त्यानंतर शब्द पुन्हा विचारा. दर वेळी शब्द बदला, नाहीतर पाठांतर मोजाल. शाळेत न गेलेल्यांना घड्याळ काढायला लावू नका, विनाकारण अपमान होतो. त्यांच्यासाठी चहाचा क्रम, भाजीवाल्याकडची सुटी मोड, फोडणीचा अंदाज या गोष्टी पाहा. पूर्वी हातखंडा असलेलं काम आता अडतंय का, एवढंच विचारायचं आहे.

वास न येणं, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं आणि ओरडणं हेही वहीत लिहा. पार्किन्सनची ही लक्षणं चाल बिघडण्याच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतात.

प्रथिनांवर खापर फोडण्याआधी

प्रथिनं साठायला वर्षं लागतात. चाल किंवा बोलणं अचानक बिघडलं तर पक्षाघात समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठा. दिवसांत किंवा आठवड्यांत बिघडलं तर कारण दुसरं शोधा: मागे डोक्यावर पडून मेंदूवर हळूहळू साठलेलं रक्त (रक्त पातळ करणारी गोळी असेल तर फार जपून), संसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं. पावलं जमिनीला चिकटल्यासारखी, लघवी आवरत नाही आणि विसराळूपणा, अशी तिन्ही लक्षणं जमली तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठलेलं असू शकतं, आणि त्यावर शस्त्रक्रिया आहे.

बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षं मधुमेहावरचं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत सर्रास आढळते. तळव्यांना मुंग्या, आणि तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाणं ही तिची खूण. थायरॉइडही तपासून घ्या.

सगळ्यात दुर्लक्षित कारण मात्र औषधाच्या डब्यातच असतं. अॅसिडिटीच्या काही कॅप्सुलांमध्ये पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असतं. ते, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करवरची सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही डोपामिनच्या (हालचाल सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन) कामात अडथळा आणतात आणि हुबेहूब पार्किन्सनसारखी चाल करून ठेवतात. "गॅसची साधी गोळी" म्हणून ती वर्षभर चालू राहते. डॉक्टरांनी ती थांबवल्यावरही सुधारायला आठवडे ते महिने लागतात, म्हणून चार दिवसांत फरक नाही म्हणून नाउमेद होऊ नका. मनाच्या आजारांवरच्या काही गोळ्यांनीही हे होतं, पण त्या स्वतःहून कधीच बंद करू नका.

मेंदूत अमायलॉइड साठलं आहे का याचा अंदाज देणारी टाऊची रक्ततपासणी आता निघाली आहे. २०२५ साली अमेरिकेत अशा एका तपासणीला परवानगी मिळाली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांपुढच्या व्यक्तींसाठी. हौसेने करून घेऊ नका. धडधाकट वृद्धांच्या मेंदूतही अमायलॉइड सापडतं.

पार्किन्सन ठरून लेव्होडोपा (मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं औषध) सुरू झाली तर आहारातली प्रथिनं मात्र मध्ये येतात. आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरायला दोघांनाही एकच दार लागतं. गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्या. दही किंवा वरणासोबत नको. मळमळलं तर सोबत केळं चालतं. लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. खाजकुइलीच्या चूर्णातही लेव्होडोपाच असते, तेव्हा दोन्ही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांकडे जाताना तीन-तीन महिन्यांच्या नोंदींची वही, चालीचं चित्रण आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा.