आयर्न-प्लॅटिनम फिल्म: लॅटिस (अणूंची जाळी) दबली की अ‍ॅनिसोट्रॉपी (चुंबकत्वाची एका ठरावीक दिशेकडची ओढ) किती बदलते, कसं बघायचं

मॅग्नेशियम ऑक्साइडवर फिल्म टाकली की लगेच व्हीएसएमकडे (चुंबकत्व मोजणाऱ्या मशीनकडे) पळू नका, आधी एक्सआरडी (एक्स-रेने अणूंमधली अंतरं मोजणारा स्कॅन) काढा. कॉपरच्या एक्स-रेने २४ अंशाजवळ ००१ आणि ४९ जवळ ००२ पीक दिसतो (फिल्मला समांतर अणूंच्या थरांचे पीक), ००२ वरून उभा सी, म्हणजे लॅटिसच्या एका घराची उंची, मिळतो, नीट ऑर्डर झालेल्या (लोखंड आणि प्लॅटिनमचे थर एकाआड एक बसलेल्या) मटेरियलमध्ये साधारण ३.७१ अँगस्ट्रॉम. आडवा ए, म्हणजे त्याच घराची रुंदी, ३.८५ च्या आसपासची, या स्कॅनमध्ये येतच नाही, सॅम्पल तिरकं करून वेगळा घ्यावा लागतो, आणि इथेच बरेच जण पुस्तकातला आकडा टाकून मोकळे होतात (मीही केलंय). सब्स्ट्रेट (खालचा मॅग्नेशियम ऑक्साइड) ४.२१ चा, तो ए ताणतो, मग सी दबतो.

मग व्हीएसएमवर फील्ड फिल्मला उभं आणि आडवं लावून दोन लूप (फील्डनुसार चुंबकत्वाचे आलेख) घ्या, सब्स्ट्रेटचा डायमॅग्नेटिक (फील्डला किंचित उलट जाणारा) उतार वजा करा, दोन लूपमधलं क्षेत्रफळ म्हणजे इफेक्टिव्ह अ‍ॅनिसोट्रॉपी, त्यात डीमॅग्नेटायझेशनचे (फिल्मच्या चपट्या आकारामुळे कमी झालेले) सुमारे ०.८ मेगाजूल प्रति घनमीटर मिळवा, की मटेरियलची स्वतःची अ‍ॅनिसोट्रॉपी मिळते. आडवा लूप ७ टेस्लालाही सॅच्युरेट झाला नाही तर मशीनला शिव्या देऊ नका, चांगल्या फिल्मला १० च्या आसपास लागतात.

खरी गोची पुढे आहे: फिल्म बनवताना तापमान वाढवलं की सी/ए बदलतो आणि अणूंची ऑर्डरही बदलते, सगळं श्रेय लॅटिसला देऊन बसाल. म्हणून ००१ आणि ००२ च्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर बघून सारख्या ऑर्डरच्याच फिल्म शेजारी ठेवा.